आर्याच्या बारशापासूनची गोळी

४ ऑगस्ट, सोमवार

आज पुन्हा यांची एक चप्पल चाफ्याखाली सापडली — आणि हे घरात! एका पायात चप्पल, दुसरा पाय चिखलाने भरलेला, आणि पत्ता नाही. "अहो, दुसरी कुठंय?" तर पायाकडे असे बघतात, जणू शेजाऱ्याचा पाय चुकून घरात आलाय. मी हसले. हेही हसले. मग म्हणाले, "कळलंच नाही गं."

न कळायला काय झालं! परेशनी आणलेल्या त्या रबरी चपला, गुळगुळीत आणि एक माप मोठ्या. मुलगा शहाणा आहे, पण बापाच्या पायाचं माप त्याला ठाऊक नाही. उद्या मीच नाक्यावरून पट्ट्याच्या आणते. प्रश्न मिटला.

श्रावणी सोमवार असून सोनचाफा वेळेत बाजाराला गेला. टेम्पोवाला खूश.

५ ऑगस्ट, मंगळवार

पट्ट्याच्या चपला आणल्या. बघू आता कशा निसटतात.

७ ऑगस्ट, गुरुवार

यांच्या ॲसिडिटीच्या गोळ्या संपत आल्या होत्या, मेडिकलमधून दोन पाकिटं आणली. दुकानदार मला बघूनच काढून ठेवतो. चाळीसची पॅन्टोप्रॅझोल, नाव आता पाठ झालंय. औषधाच्या बाबतीत आमच्या घरात ढिलाई नाही. पहाटे चारला उठले की आधी गोळी, तांब्याभर पाणी, मग डोक्याला बॅटरी बांधून बागेत. रिकाम्या पोटी म्हणजे रिकाम्या पोटी! इतर लोक जेवण झाल्यावर आठवण आली की तोंडात टाकतात. आमचं तसं नाही.

आणि पोट रिकामंच असतं आमचं. या घराचा नियम आहे — देवाची फुलं अंगणातून बाहेर पडल्याशिवाय घरात कुणाच्या तोंडात घास नाही. चहासुद्धा नाही. फुलं गेली, आंघोळ झाली, देवपूजा झाली, की साडेआठला न्याहारी. मी लग्न होऊन इथे गास गावात आले तेव्हा पहिले काही दिवस चक्कर यायची. आता दुसरं काही सुचतच नाही.

तरी मेलं दुपारी जळजळतंच यांना. म्हणून पाडव्यापासून रात्रीही एक सुरू केली. मीच सांगितलं. एकीने भागत नसेल तर दोन घ्याव्यात, यात डॉक्टर कशाला लागतो?

१० ऑगस्ट, रविवार

परेश, स्वप्ना आणि आर्या आली होती विरारहून. राखीचं जेवण एक दिवस उशिरा. यांनी आर्याला विचारलं, "कितवीत गं तू?" तिसरीत, आजोबा. वरणभातावर पुन्हा तेच. ताक वाढताना पुन्हा तेच! पोरगी म्हणाली, "आजोबा, मी अजून तिसरीतच आहे!" सगळे हसले. सून हसली नाही.

भांडी आवरताना स्वप्ना म्हणाली, "आई, बाबांना एकदा डॉक्टरला दाखवा ना. चालताना भिंतीला हात लावतायत." मी म्हटलं, अगं सासष्ट वर्षांचा माणूस आहे तो. मी नाही चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत? तर म्हणते, "पायात सारखे मोजे घातल्यासारखं वाटतं म्हणाले मला."

हे मला नाही सांगितलं! सुनेला सांगितलं! मला त्या मोज्यांपेक्षा याचाच राग आला.

रात्री विचारलं, तर म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू मोजे काढा म्हणाली असतीस." असं बोलतो हा माणूस. वर्षातून दोनदा तोंड उघडतो आणि दोन्ही वेळा असं बोलतो.

१७ ऑगस्ट, रविवार

काल टेम्पोत रिकामी टोपली गेली. भरलेली ओटीवर राहिली. यांनीच चढवली होती. दहीकाल्याच्या गडबडीत माझंही लक्ष नव्हतं, म्हणून बोलले नाही फार. (थोडं बोलले.)

२६ ऑगस्ट, मंगळवार

हरतालिका. उद्या गणपती. वर्षातला सगळ्यात मोठा तोडा — आणि हे पडले.

उंचावरून नाही, देवाची कृपा. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवरून. मी दिवा धरून खाली उभी. टोपली अर्धी भरली होती, हे उतरत होते, आणि एकदम कोलमडलेच. कोपर सोलवटलं, कंबरेला मुका मार. हाड शाबूत. मी ओरडले, "बघून उतरता येत नाही का!" तर चिखलात बसल्या बसल्या म्हणाले, "पाय पायरीवर आहे असं वाटलं. नव्हता."

 चपलेवर ढकलता येईना आता. त्या वेळी ते अनवाणी होते.

शेजारच्या प्लासिडभाऊंना हाक मारली. बिचारे केळीत तुंबलेलं पाणी काढायचं टाकून आले, यांना उचलून ओटीवर आणलं. "वहिनी, आमच्या लेकीला, जीनाला दाखवा. दवाखाना घातलाय तिने नाक्यावर, आणि घरचीच आहे ती." वरच्या फांद्यांचा चाफा तसाच राहिला. दहा वाजेपर्यंत उमलून वाया गेला. एवढा वास सुटला होता की मला रडू आलं.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. आरती झाली, मोदक झाले, आणि परेशनी विषय काढला. काढणारच होता. स्वयंपाकघरात आला तेव्हाच चेहऱ्यावर होतं.

बागेसाठी कुणीतरी नालासोपाऱ्याचा माणूस त्याच्या मागे लागलाय. लग्नाचं लॉन करायचं म्हणे. झाडं काढायची, हिरवं गवत, लाइटिंग, फोटोला कमान. "आई, प्लीज, थोडी प्रॅक्टिकल हो. बाबांना आता झेपत नाही. बाग देऊन टाकू, तुम्ही दोघं विरारला या." मी म्हटलं, मी जिवंत आहे तोवर त्या चाफ्याला कुऱ्हाड लागणार नाही. "आणि बाबा पडले परत? मी ऑफिसमधून पोचेपर्यंत काय होईल?" म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो वाईट नाही. घाबरलाय. पण घाबरलेल्या माणसाच्या हातात घर द्यायचं नसतं.

मी सांगून टाकलं — "बाबा बरे होणार. पुन्हा झाडावर चढणार. मी करते त्यांना बरं." कशाच्या जोरावर म्हटलं देव जाणे, पण म्हटलं. परेश म्हणाला, ठीक आहे, दिवाळीपर्यंत बघू.

हे सगळा वेळ मोदकाच्या पाऱ्या मोडत बसले होते.  यांच्या जिवाची बाग आहे, बोलवत नसेल. म्हणून यांच्या वाटचं मी भांडले.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

जीनाकडे जाऊन आलो. काल-परवापर्यंत आमच्या अंगणात मोगऱ्याच्या कळ्या वेचणारी पोर, आज गळ्यात नळी अडकवून "काकी, जरा बाहेर बसता का?" विचारते! नाही बसले.

तिने यांना चपला काढायला लावल्या. एक लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी ठोकून घोट्यावर टेकवलं. "कंप जाणवतोय का काका?" "कसला?" म्हणाले हे. अंगठ्यावर टेकवलं. काही नाही. मग उभं करून डोळे मिटायला सांगितलं — आणि हे नारळाच्या झाडासारखे डुलायला लागले. जीनानेच धरलं. 

"औषधं कुठली चालू आहेत?" मी छाती काढून सांगितलं, एकही नाही! बीपी नाही, शुगर नाही. निर्व्यसनी माणूस. ती लिहायला लागली. उठता उठता मी म्हटलं, "आपली ती ॲसिडिटीची तेवढी. सकाळी एक, रात्री एक."

"काकी! ती गोळीच की!"

"ती काय गं, ती सगळेच घेतात."

"किती दिवस झाले?"

आता ही गंमत बघा. मी आठवायला लागले. आर्याच्या बारशाला यांची कंबर धरली होती. त्या वेळच्या डॉक्टरांनी — आता देवाघरी गेले, फार चांगला माणूस — कंबरेच्या गोळ्या दिल्या, आणि पोटाला त्रास नको म्हणून बरोबर ही. महिनाभर घ्या म्हणाले होते. कंबर बरी झाली. कंबरेच्या गोळ्या बंद केल्या. ही राहिली. बंद केली की दोन दिवसांत जळजळायचं, म्हणून पुन्हा सुरू.

"आर्या कितवीत आहे काकी?" तिसरीत. जीनाने पेन खाली ठेवलं.

रक्त काढून घेतलं. रिपोर्ट यायला पाच-सहा दिवस. "तोवर काहीही बदलू नका," असं ती दारापर्यंत येऊन म्हणाली.

३० ऑगस्ट, शनिवार

चोर सापडल्यावर त्याला घरात ठेवून घेतात का? सगळी पाकिटं केराच्या टोपलीत. दोन्ही वेळच्या गोळ्या बंद! जीनाचं वय ते काय, घाबरून बोलली असेल. जे नडतंय ते आधी काढावं, ही साधी अक्कल आहे.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरीचं पूजन. यांनी पुरणपोळीचा एक तुकडा मोडला आणि ताट सरकवलं. छातीत आग आग म्हणतात. थंड दूध दिलं, ताक दिलं, आवळा दिला.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरी-गणपती गेले आणि आमची वरात दवाखान्यात.

दुपारी यांना घाम फुटला. छातीवर हात ठेवून बसले, घशाशी आंबट पाणी, बोलवेना. परेश विसर्जनाला आलेलाच होता, तो पांढराफटक. "हार्ट अटॅक आहे आई हा!" मला बाप्पाची पाठवणी दिसेना का काही दिसेना. जीनाने कार्डिओग्राम काढला. पट्टी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोनवर पाठवली, रक्ताची एक तपासणी केली, तासाभराने पुन्हा पट्टी काढली. हृदय ठणठणीत. तुम्ही लगेच आणलंत हे बरं केलंत म्हणाली, छातीचं दुखणं घरी बसून ॲसिडिटी म्हणायचं नसतं. हे ऐकून मी जरा ताठ बसले.

मग विचारलं, "गोळी घेतली होती ना?"

आता खोटं बोलायची सवय नाही मला. सांगितलं.

अशी तापली पोरगी! "काकी, बदलू नका म्हटलं होतं की नाही? इतकी वर्षं जे ॲसिड दाबून ठेवलंय ते एकदम सोडलं की दुप्पट उसळून येतं. गोळी सोडवायची असते, तोडायची नसते." म्हणजे मधेच बंद केल्यावर दर वेळी जळजळायचं ते हेच! आम्ही समजायचो रोग उलटला, म्हणून पुन्हा गोळी. आणि ते गोळी सोडल्याचंच होतं. बाई गं!

 परेशने बघितलं माझ्याकडे. दिवाळी दूर नाही, असं बघितलं. मी पण बघितलं त्याच्याकडे.

गोळी पुन्हा सुरू. मान खाली घालून लिहितेय — चूक माझी. पण एवढंच. लढाई अजून चालू आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

रिपोर्ट! बी-ट्वेल्व्ह. इतकं कमी की प्रयोगशाळेने स्वतः जीनाला फोन केला म्हणे. रक्तही थोडं कमी.

तिने कागदावर पोट काढून समजावलं. खाण्यातलं बी-ट्वेल्व्ह सुटं करायला पोटात ॲसिड लागतं. आपल्या घरात मासळी-अंडं नाही, दूध-दही तेवढं, म्हणजे आधीच आवक बेताची. त्यात इतकी वर्षं ॲसिड दाबलेलं. साठा संपत संपत खडखडाट! मग पायाच्या नसा बधिर होतात, तोल जातो, डोकं विसरतं. माणूस म्हणतो वय झालं.

"म्हणजे म्हातारपण नाही हे?" मी विचारलं. "सगळं नाही काकी. किती परत येईल आज सांगता येणार नाही. पण बरंचसं यायला हवं. वेळेत सापडलंय."

मी हिच्या आईला सांगून हिची दृष्ट काढवणार आहे. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी चाललं होतं आमचं — पाय नडतोय म्हणून चपला बदलत होते मी!

आणि गोळीचं? पहाटेची चारची गोळी म्हणजे निम्मी वाया. जीना म्हणते, "ही गोळी पोटातली भट्टी पेटायच्या, म्हणजे खाण्याच्या, अर्धा तास आधी लागते. तुम्ही देता चारला आणि भट्टी पेटते साडेआठला, तोवर तिचा जोर ओसरतो. मग दुपारी जळजळ, म्हणून रात्री दुसरी!" पूजा आटोपली की गोळी, अर्ध्या तासाने न्याहारी. तेवढं एक बदललं की रात्रीची हळूहळू सुटेल म्हणाली. फुलांच्या घरचा नियम आणि गोळीच्या घरचा नियम, आजवर एकमेकांना कधी भेटलेच नव्हते.

आज पहिलं इंजेक्शन झालं. एक दिवसाआड घ्यायची आहेत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दुर्बीण घालून पोट तपासून आलो, जीनाच्या सांगण्यावरून. इतकी वर्षं गोळीखाली काही झाकलं गेलं नाही ना, बघायला हवं म्हणाली. मी सोमवारपासून जेवले नव्हते धड. जखम नाही, गाठ नाही, किरकोळ सूज. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "नळी मी गिळली आणि घाम तुला." दोन वाक्यं झाली या वर्षाची.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मला आता या गोळीतलं सगळं कळतं. जेवणाआधी अर्धा तास. अख्खी गिळायची, चावायची नाही, कुटायची नाही. डॉक्टरने सांगितलेल्या दिवसांपुरती, मनाने वाढवायची नाही, मनाने थांबवायची नाही. शी काळी डांबरासारखी झाली, उलटीत रक्त दिसलं, घास अडकायला लागला, वजन उतरलं, तर धावत दवाखाना.

आणि बघते तर काय, आळीत घरोघरी ही गोळी! एक सून घेते लग्नाच्या जेवणाआधी. एक आजोबा घेतात शेजारणीने दिली म्हणून. कुणाला म्हटलं किती दिवस, तर आकाशाकडे बघतात. मी काय गप्प बसणार? प्लासिडभाऊंच्याही ओट्यावर पाकीट दिसलं. म्हटलं भाऊ, तुमची स्वतःची मुलगी डॉक्टर आणि तुम्ही हे खाता? टाका आधी ते!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

जीना घरी आली. गेटापासूनच आवाज. "काकी, पप्पांची गोळी कुणी बंद करायला सांगितली?"

प्लासिडभाऊंच्या हृदयात दोन वर्षांमागे स्टेंट घातलीय. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. त्या पोटात रक्तस्राव करू शकतात, म्हणून ही गोळी त्यांना मुद्दाम दिलीय, ढालीसारखी. "त्यांची बंद केली आणि पोटात रक्त गेलं तर? काकांना नको होती तशी पप्पांना हवीच आहे. माणूस बघून औषध असतं, आळी बघून नाही!"

उचलली जीभ लावली टाळ्याला — आई म्हणायची मला. एकाच गोळीवरून ही पोर मला दोनदा ओरडली, आणि दोन्ही वेळा तिचंच खरं. प्लासिडभाऊ कुंपणापलीकडे उभे राहून हसत होते. "वहिनी, मी टाकली नव्हती हां. नुसतं हो म्हटलं तुम्हाला. तुम्हाला नाही कोण म्हणणार?"

आता मी लोकांना एवढंच सांगते, डॉक्टरला विचारा. तेही मोठ्याने सांगते.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. झेंडूचा दिवस, चाफ्याला कोण विचारतो. वटार गावाहून दोघे येतात हल्ली वरच्या फांद्या तोडायला, खालच्या मी आकडीने काढते. इंजेक्शनं आता आठवड्याला एक. रात्रीची गोळी सुटली! चाळीसची जाऊन वीसची आली. जळजळ होते अधूनमधून, पण सोसवते. रात्रीचं जेवण लवकर, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, खाटेच्या डोक्याकडे विटा घातल्यात.

पाय? अजून तसेच. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो. परेशचा फोन आला होता, "काही फरक?" मी म्हटलं, खूप!

खोटं बोलले. सवय नाही म्हणाले होते ना वर? लागेल आता.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशी. पहाटे यांना तेल लावलं, उटणं लावलं. न्हाणीत पाऊल टाकलं आणि एकदम म्हणाले, "फरशी गार आहे गं!"

मी हातातला तांब्या तसाच धरून उभी. "काय म्हणालात?"

"गार आहे. फरशी."

मी तिथेच रडले, उटण्याच्या हातांनी. यांना वाटलं डोळ्यांत उटणं गेलं. जाऊ दे, तसंच वाटू दे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. ओवाळलं. ओवाळणीत यांनी काहीतरी दिलं, ते आठवणीने आधीच आणून ठेवलं होतं. आठवणीने! दोन महिन्यांमागे टोपली भरलीय का रिकामी ते लक्षात राहत नव्हतं.

परेशनी मात्र विषय सोडला नाही. लॉनवाला थांबायला तयार नाही म्हणे. मी म्हटलं, देवदिवाळीपर्यंत वेळ दे. त्या दिवशी बाबा चढले नाहीत, तर मी स्वतः अंगठा उठवते तुझ्या कागदावर. स्वप्ना म्हणाली, "आई, असं पैज लावल्यासारखं नका ना करू." पैज नाहीतर काय आहे!

यांच्याकडे बघितलं. हे करंजी खात होते. मी म्हटलं, चढाल ना हो? "तू म्हणतेस तर चढतो," म्हणाले.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज बांधावरून प्लासिडभाऊंच्या विहिरीपर्यंत गेले आणि आले. काठी नाही, भिंत नाही. जीनाने तो चिमटा पुन्हा टेकवला. घोट्यावर कळतं, अंगठ्यावर थोडं थोडं. डोळे मिटून उभे राहिले, डुलले नाहीत. "शिडी चालेल का?" मी विचारलं. "खाली माणूस उभं असेल तर थोड्या पायऱ्या चालतील," म्हणाली. मग यांच्याकडे वळून विचारलं, "काका, तुम्हाला चढायचंय ना?" मीच म्हटलं, म्हणजे काय! दिवस मोजतायत ते!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

देवदिवाळी. चढले!!

पहाटे परेश मुद्दाम आला होता गाडी घेऊन. शिडी प्लासिडभाऊंनी एका बाजूने धरली, परेशने दुसऱ्या. हे एक एक पायरी चाचपत, थांबत, वर गेले. अगदी शेंड्याला नाही, पण मधल्या फांदीपर्यंत. थंडीत फूल थोडंच असतं, तरी टोपली भरून खाली दिली. उतरताना शेवटच्या पायरीवर थांबले, पाय नीट टेकवला, मग दुसरा. परेशने शिडी सोडून बापाला मिठीच मारली. पोरगा हमसून हमसून रडला. "सॉरी बाबा. नाही देत बाग. कोणालाच नाही देत."

मी म्हटलं होतं की नाही! म्हटलं होतं! मोगऱ्याच्या वाफ्यापाशी उभी राहून मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

फुलं गेली, पूजा झाली, गोळी — तीही आता एक दिवसाआड वीसची — मग सगळ्यांनी मिळून घावन खाल्ले. जीनाला डबा पाठवला. एका गोळीने नेलेला माणूस परत आणला मी. बाग राहिली, घर राहिलं, आणि म्हातारपणाला म्हटलं, नंतर ये. आज झोप छान लागणार.

२२ नोव्हेंबर, शनिवार

न्याहारी झाल्यावर हे म्हणाले, "आशा, आता पाय बरे आहेत. डोकंही बरं आहे. म्हणून आज बोलतो, नाहीतर म्हणाली असतीस आजारपण बोलतंय. मला चाफ्यावर चढायला आवडत नाही. कधीच आवडलं नाही. वर गेलो की भीती वाटते, पहिल्या दिवसापासून. वडिलांनी चढवलं, म्हणून चढलो. मग तू खाली एवढ्या हौसेने उभी राहायचीस."

मी म्हटलं, मग परेश विचारत होता तेव्हा का नाही बोललात? "बाग कापलेली बघवली नसती तुला," म्हणाले.

म्हणजे भांडले मी माझ्याच बागेसाठी. ज्याच्यासाठी भांडते म्हटलं, त्याला एकदाही विचारलं नाही.

 मग मागच्या दारी जाऊन शिडी उचलून बघितली. जड आहे, पण उचलते. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बायका चाफ्यावर चढत नाहीत.

उद्या पहाटे मी वर, हे खाली.